भाच्याच्या .३०८ रायफलसाठी बंदुकीच्या दारूची निवड : कामाच्या नोंदी

इंदूर, ७ जानेवारी २०२४

काल रात्री अमेरिकेतल्या ओहायोहून भाच्याचा फोन आला. लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजीत उतरायचं त्याचं पक्कं झालंय, तेही एफ-टीआर गटात. म्हणजे रायफलच्या पुढच्या टोकाला दोन पायांचा टेकू, पोटावर झोपून नेम, आणि काडतूस फक्त .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन. त्याने .३०८ घेतली आहे. नळी २६ इंची, गोळी १७५ ग्रेनची (पौंडाला ७००० ग्रेन) सिएरा मॅचकिंग, अंतर ६०० यार्ड. काडतुसं तो घरीच भरतो. म्हणाला, "मामा, तू जन्मभर दारूच तपासलीस. माझ्यासाठी एक निवडून दे."

इटारसीच्या आयुध निर्माणीत माझी नोकरी झाली, प्रणोदकांच्या, म्हणजे गोळी ढकलणाऱ्या दारूच्या, तपासणीत. तिथे टनांचा हिशेब असे. एका माणसाने आपल्या एका रायफलसाठी एकेक काडतूस भरायचं, हा प्रकार मला नवा आहे आणि मनापासून आवडलाय. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे इंदूरमध्ये मी दारूच्या कणालाही हात लावणार नाही. वाटणी सरळ आहे. भरायचं आणि झाडायचं त्याने, त्याच्या क्लबच्या रेंजवर. हिशेब मी करायचा, रामबागेतल्या या टेबलावर.

एक अट पहिल्याच पानावर घालून ठेवतो. किती ग्रेन दारू भरायची हा आकडा या वहीत येणार नाही. तो उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतून घ्यायचा, तळाच्या वजनापासून सुरू करायचं आणि टप्प्याटप्प्याने वर जायचं. मामाच्या वहीतून किंवा मित्राच्या फोनवरून उचललेलं वजन म्हणजे दुसऱ्याच्या रायफलचं वजन.

१२ जानेवारी

त्याने ज्वलनवेगाचा तक्ता पाठवलाय. सर्वांत जलद पावडर (म्हणजे दारूच) वर, सर्वांत संथ खाली. त्याचा प्रश्न: आपण कुठे बोट ठेवायचं?

त्याआधी दारू नळीत काय करते ते त्याला नीट कळायला हवं, म्हणून लांब उत्तर लिहिलं. त्यातलं मुख्य इथे उतरवतो.

बिनधुराची दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज. पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये ती रायफलसाठी वापरण्याजोगी केली. ही दारू नळीत स्फोटासारखी एकदम फुटत नाही, ती जळते. दाण्याच्या पृष्ठभागापासून आत, थरामागून थर. आणि भोवतीचा दाब जितका जास्त, तितकी ती वेगाने जळते. सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की आणखी दाब. म्हणून भरणीत, म्हणजे काडतुसातल्या दारूच्या वजनात, थोडी वाढ केली तर दाबही तेवढाच थोडा वाढेल, असं धरून चालत नाही.

हा चढ ताब्यात ठेवण्यासाठी दाण्याला आकार देतात. लांबट दाण्याच्या मधोमध आरपार भोक असतं. बाहेरून जळताना पृष्ठभाग घटतो, भोकातून जळताना वाढतो, आणि एकूण पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो. वर ज्वलन मंदावणाऱ्या रसायनाचा लेप देतात, म्हणजे गोळी जागची हलेपर्यंत जळणं हळू राहतं. त्यावर ग्रॅफाइटचा हात, दाणे एकमेकांना चिकटू नयेत आणि स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोड्याच अधिक वेळात संपतो.

.३०८ ची अमेरिकन मानकातली कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड. पिस्तुलाची जलद दारू या काडतुसाच्या पितळी कवचात घातली तर गोळी सरकण्याआधीच दाब मर्यादेपार जाईल, आणि मग रायफलच काय, माणूसही वाचायचा नाही. उलट मोठ्या मॅग्नम काडतुसांची संथ दारू घातली तर कवच काठोकाठ भरूनही पुरेसा दाब तयार होणार नाही. गोळी मंद जाईल, न जळलेले दाणे नळीबाहेर पडतील. मधल्या पट्ट्यात या कवचाला आणि या वजनाच्या गोळीला जमणाऱ्या पावडरी चांगल्या अर्धा डझन आहेत: व्हार्गेट, आयएमआर ४०६४, आयएमआर ४८९५, एच ४८९५, रीलोडर १५, विहटावुओरी एन १४०.

तेव्हा तक्त्याचं काम इथेच संपलं. तक्ता फक्त क्रम सांगतो, दोन पावडरींमधलं अंतर सांगत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तक्त्यांत शेजारशेजारच्या पावडरी वरखालीही झालेल्या दिसतात. तक्त्यावरून भरणीचं वजन अंदाजाने काढायचं नाही, कधीच नाही. आता खरा प्रश्न असा की ज्या सहा सगळ्याच चालतात, त्यांतली एक कशाच्या जोरावर निवडायची.

१९ जानेवारी

आज त्याला फोनवरच थांबवलं. क्लबातल्या एका सभासदाच्या वहीतून त्याने भरणी उतरवून घेतली होती. वहीत पावडरीचं नाव नुसतं "४८९५". पुढे आयएमआर नाही, एच नाही.

या दोन वेगळ्या पावडरी आहेत. आयएमआर ४८९५ ही ड्यू पॉन्टच्या घराण्यातली, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गॅरंड रायफलच्या काडतुसांत वापरलेली. युद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडे उरलेला साठा विकत घेऊन तो घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकला. तो साठा सरल्यावर त्यांनी त्याच आकड्याची नवी दारू बनवून घेतली, ती एच ४८९५. आज ती ऑस्ट्रेलियात तयार होते. आकडा एक, रक्त वेगळं. एकीची भरणी दुसरीला लावायची नाही. ४८३१ आणि ४३५० या आकड्यांतही हेच आहे.

त्याच्या टेबलासाठी नियम लिहून पाठवले आणि भिंतीवर चिकटवायला सांगितले. टेबलावर एका वेळी एकच डबा. पावडर तिच्या मूळ डब्यातच राहील, बिनचिठ्ठीच्या बरणीत कधीच नाही. दोन पावडरी मिसळायच्या नाहीत, तळाशी चमचाभर उरली असेल तरीही. कवचांचा मार्का बदलला की भरणी पुन्हा खालून सुरू, कारण लष्करी पितळ बहुधा जाड असतं, आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूला दाब चढतो.

२८ जानेवारी

त्याने चार पावडरी आणल्या, प्रत्येकी एक पौंड: आयएमआर ४०६४, एच ४८९५, रीलोडर १५, आणि एक गोल दाण्याची, नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर. चौथीचं नाव लिहीत नाही. एका डब्यावरून एखाद्या मालाला नाव ठेवणं मला नोकरीतही पटलं नव्हतं. व्हार्गेट त्याला कुठेच मिळाली नाही.

११ फेब्रुवारी

पहिले आकडे आले. प्रत्येक पावडरीचे पाच बार, वेग रडारवर मोजलेला. त्याचा निष्कर्ष आधीच तयार: गोल दाण्याची सर्वांत सरस, कारण तिच्या पाच बारांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग यांच्यातला फरक सर्वांत लहान.

पाच बारांवरून हे म्हणता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक छोटा तक्ता असे, गुणवत्ता नियंत्रणातला. नमुना पाचाचा असेल तर कमाल-किमान फरक सरासरीने प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाच्या) २.३३ पट येतो, दहाचा असेल तर ३.०८ पट, विसाचा असेल तर ३.७३ पट. म्हणजे तीच दारू, तीच रायफल, फक्त बार जास्त झाडले की फरक मोठा दिसतो. कुणी पाच बारांचा फरक सांगतो, कुणी दहाचा, आणि दोघे एकमेकांशी तुलना करत बसतात.

त्याहून मोठी गोष्ट. पाच बारांवरून प्रमाण विचलन सेकंदाला १० फूट आलं, तर खरं विचलन ६ पासून २९ पर्यंत कुठेही असू शकतं, शंभरात पंच्याण्णव वेळा. वीस बार झाडले तर तीच मर्यादा ७.६ ते १४.६ अशी आवळते. दोन पावडरींची तुलना करायची तर पाच-पाच बारांत एकीचं विचलन दुसरीच्या तिपटीहून जास्त असल्याशिवाय काहीही ठामपणे म्हणता येत नाही. वीस-वीस बारांत सुमारे १.६ पट पुरते.

त्याला हे ऐकून वाईट वाटलं. दारू महाग, गोळ्या महाग, पाच बारांचे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचे पुंजके, दिसायला देखणे. मी म्हटलं, वीस बार एकदा झाड. पाच-पाच करत वर्षभर भरकटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

२५ फेब्रुवारी

राजेंद्रनगरला सुभेदार साहेबांकडे गेलो होतो. महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये त्यांनी कित्येक वर्षं नेमबाजी शिकवली. आर्मी मार्क्समनशिप युनिट महूलाच आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथलेच. मी भाच्याचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते आकड्यांत फार शिरले नाहीत. एकच विचारलं, "हे सगळं थंडीतलं ना? उन्हाळ्यात काय होतंय ते पाहिलं का तुम्ही?" मग म्हणाले, "अहो, आमच्याकडे रेंजवर काडतुसांची पेटी उन्हात राहिली तर जवानाला ओरडा बसायचा. सावलीत ठेवा, आणि रायफलच्या तापलेल्या चेंबरमध्ये राउंड पडून राहू देऊ नका, हे रोज सांगावं लागे."

परतताना दुसरं काही सुचलंच नाही.

३ मार्च

आधी ६०० यार्डांचा हिशेब, म्हणजे कशाची काळजी करायची ते कळेल.

गोळीचा वेग सेकंदाला २६०० फुटांच्या आसपास धरला तर ६०० यार्डांवर पोचेपर्यंत ती नळीच्या सरळ रेषेच्या सुमारे १० फूट खाली आलेली असते. वेग एक टक्क्याने बदलला की ही घसरण साधारण दोन टक्क्यांनी बदलते. म्हणजे वेगात १० फुटांचा फरक पडला तर लक्ष्यावर जवळपास एक इंच. त्याच १० फुटांचा १०० यार्डांवर परिणाम इंचाच्या पन्नासाव्या भागाइतका. म्हणून १०० यार्डांवरचा सुंदर ग्रुप दारूच्या सारखेपणाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. घरी काडतुसं भरणाऱ्या अनेकांची निवड तिथेच फसत असावी.

आता दुसरी बाजू. रायफल, वारा आणि माणूस मिळून उभ्या दिशेत दीड इंचाचं विचलन आणतात असं धरू. वेगाचं विचलन १० फूट असेल तर एकूण १.८ इंच. पावडर बदलून ते ७ फुटांवर आणलं तर १.६५ इंच. इतकी धडपड करून हाती येतो इंचाचा सातवा भाग. ६०० यार्डांवर एफ-क्लासचं दहा गुणांचं वर्तुळ ६ इंची, त्याच्या आतलं एक्सचं ३ इंची. सातव्या भागासाठी झोप उडवू नये.

पण समजा दारूचा वेग तापमानाबरोबर दर फॅरनहाइट अंशाला एक फुटाने चढतो. जानेवारीत २० अंश, जुलैत ९०. सत्तर फुटांचा फरक, म्हणजे लक्ष्यावर सात इंच. सुभेदार साहेबांनी विचारलं ते हेच. विचलनाच्या तुलनेत हा आकडा केवढा मोठा आहे!

यात नुसत्या गुणांचा प्रश्न नाही. ओहायोच्या जानेवारीत कुणी कमाल भरणीपर्यंत चढत गेला आणि तीच काडतुसं जुलैच्या उन्हात झाडली, तर दाब मर्यादेपार जाऊ शकतो. प्रायमर (कवचाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) चपटा होणं, बोल्ट उचलायला जड जाणं, कवचाच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामं कवच बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा, ही दाबाची लक्षणं उशिरा दिसतात. ती दिसेपर्यंत मर्यादा मागे पडलेली असू शकते. तेव्हा लक्षणं दिसली नाहीत म्हणून सगळं ठीक आहे, असं समजायचं नाही. हे मी त्याला तीनदा लिहिलंय आणि पुन्हा लिहीन.

३० मार्च

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली आहे, ढोल-ताशांचा आवाज इथपर्यंत येतोय. मी दार लावून चाचणीची आखणी करतोय.

एकाच दिवशी, एकाच रायफलमधून, तीन तापमानं: बर्फाच्या डब्यातली ० अंश सेल्सिअस, सावलीतली २०, आणि उष्णतारोधक डब्यातली ४०. चाळीस मुद्दाम घेतले, इंदूरचा मे महिना म्हणून. गरम डब्यात कोमट पाण्याची बाटली आणि थर्मामीटर, ४० च्या वर जायचं नाही. चूल, हीटर, गाडीचं बॉनेट यांचं नावही काढायचं नाही. भरणी पुस्तिकेतल्या कमालीपेक्षा बरीच खाली.

क्रम मी इथून चिठ्ठ्या टाकून काढला. पावडर आणि तापमान यांची सरमिसळ, म्हणजे नळी तापत गेल्याचा किंवा घाण साचल्याचा परिणाम एकाच पावडरीच्या माथी जाणार नाही. बाराआधी काडतूस चेंबरमध्ये जाऊन फार तर पाच सेकंद. तेवढ्यात नेम लागला नाही तर काडतूस बाहेर काढून पुन्हा डब्यात. कवचं एकाच मार्क्याची, प्रायमर एकाच लॉटचे (उत्पादनाच्या एकाच खेपेचे), प्रत्येक भरणी तराजूवर तोललेली.

तोलण्यावरून आठवलं. लांब दाण्याची ४०६४ मापाच्या यंत्रातून ओतताना अडखळते, दाणे कापले जाताना हाताला कचकन् लागतं, असं त्याने कळवलंय. गोल दाण्याची पाण्यासारखी वाहते. ती पद्धतच वेगळी, वेस्टर्न कार्ट्रिजमध्ये फ्रेड ओल्सन यांनी १९३० च्या दशकात काढलेली, दाणे पाण्यात घडवण्याची. जो माणूस हजारो काडतुसं मापाने भरतो त्याच्यासाठी हा मोठाच गुण. आपण प्रत्येक भरणी तोलणार, म्हणून इथे त्याला वजन नाही.

१८ मे

इथे बेचाळीस. दुपारी पंख्याखाली बसून आकडे मांडले.

० ते ४० अंशांमध्ये वेगात पडलेला फरक: गोल दाण्याची सेकंदाला साधारण ६५ फूट, रीलोडर १५ आणि ४०६४ दोन्ही तिशीच्या आसपास, एच ४८९५ पंधराच्या आत. ६०० यार्डांवर हेच साडेसहा, तीन आणि दीड इंच.

वीस-वीस बारांवरची प्रमाण विचलनं चौघींची इतकी जवळ आली की त्यांवरून क्रम लावताच येत नाही. फेब्रुवारीतली "सर्वांत सरस" पावडर आता चौघींच्या गर्दीत आहे.

हा निकाल या चार डब्यांचा, या नळीचा, या गोळीचा. दुसऱ्या रायफलमध्ये आकडे बदलतील. पण आम्हाला याच रायफलमध्ये झाडायचं आहे.

२ जून

भाच्याचं मन ४०६४ कडे ओढतंय. तिच्या एका ग्रुपचा फोटो त्याने फोनच्या पडद्यावर लावलाय. त्याची बाजूही मी नीट ऐकून घेतली. ४०६४ कवच छान भरते, आणि भरणी कवचभर असली की प्रायमरची ज्योत दर बाराला सारखीच लागते. रिकामी जागा राहिली तर दाणे कधी पुढे, कधी मागे पडून राहतात आणि पेट बदलतो. मुद्दा बरोबर आहे. पण एच ४८९५ चं कवचही पुरेसं भरतंय. एवढ्यासाठी दीड इंच सोडायचा नाही.

९ जून

ठरलं. एच ४८९५.

वेग थोडा कमी मिळतो, ४०६४ पेक्षा. कमी वेगाने वारा जरा जास्त लागेल, ते त्याला शिकून घ्यावं लागेल. मला तो सौदा पसंत आहे. वारा वाचता येतो, सरावाने सुधारतो. सकाळच्या फेरीत एक आणि दुपारच्या फेरीत दुसरं वागणारी दारू नेमबाजाला काहीच शिकवत नाही.

भरणी कुठे ठेवायची यावर थोडा वाद झाला. त्याला आणखी वर जायचं होतं. मी म्हटलं, उन्हाळ्यात, ऊन लागलेल्या काडतुसांनीही पुस्तिकेच्या मर्यादेत राहील अशीच भरणी हवी, आणि जानेवारीत तीच राहील. ऋतूप्रमाणे दोन भरण्या ठेवल्या की एके दिवशी डबे अदलाबदल होणारच. त्याने मान्य केलं.

२३ जून

आठ पौंडांचा मोठा डबा मिळाला, एका लॉटचा. हे फार चांगलं झालं. किरकोळ विक्रीची पावडर उत्पादक मिश्रण करून ठरावीक ज्वलनवेगाच्या जवळ आणतो, तरी लॉटागणिक थोडा फरक राहतोच. पौंडाला ७००० ग्रेन या हिशेबाने आठ पौंडांत त्याचा एक हंगाम सहज निघेल.

डबा कुठे ठेवलास, हे पहिलं विचारलं. तळघरात म्हणाला, कोरडं, थंड, मूळ डब्यात, भट्टी आणि वॉटर हीटरपासून लांब. ठीक. नायट्रोसेल्युलोज आपोआप, हळूहळू विघटन पावतं. त्यातून निघणारी आम्ल वाफ शोषायला दारूत डायफेनिलअमाइनसारखं स्थिरक घालतात, आणि उष्णतेत ते लवकर खर्ची पडतं. इटारसीत आमचं निम्मं काम या स्थिरकावर नजर ठेवण्याचं होतं. त्याला सांगितलं: दर दोन महिन्यांनी डबा उघडून वास घे. नेहमीचा ईथरसारखा, स्पिरिटसारखा वास असला तर चिंता नाही. नाकाला झोंबणारा आंबट वास आला, किंवा गंजासारखी तांबूस पूड, तपकिरी वाफ दिसली, तर ती पावडर भरायची नाही, ठेवायचीही नाही. तिची विल्हेवाट उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे लावायची.

२१ जुलै

जुलैच्या उन्हात ६०० यार्डांवर त्याने पहिल्यांदा पूर्ण सामना झाडला. आधी लावलेली साइट उभ्या दिशेत दोन क्लिकसुद्धा हलवावी लागली नाही. आडव्या दिशेत गुण गेले, वाऱ्याने. कागदावर मांडलेलं लक्ष्यावर तसंच उतरलेलं पाहून मला फार आनंद झाला.

४ ऑगस्ट

डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीचा मजकूर आज पक्का केला: पावडरीचं पूर्ण नाव "एच" सकट, लॉट क्रमांक, उघडल्याची तारीख, पुस्तिकेचं वर्ष आणि पान, कवचाचा मार्का, प्रायमर, गोळी.

डबा संपत आला की शेवटचा अर्धा पौंड बाजूला ठेवायचा. नव्या लॉटचे वीस बार आणि जुन्याचे वीस, एकाच दिवशी, आलटून पालटून. नवा लॉट आधी खालच्या भरणीपासून. सरासरी वेग दहा फुटांच्या आत जुळला तर भरणी तीच. नाही जुळला तर आकडे इकडे पाठवायचे आणि मी उत्तर देईपर्यंत सामन्यासाठी एकही काडतूस भरायचं नाही.